टिरेट्टा बाजारातील न्याहारी

उपवासाच्या ताटाइतके सोवळे ताट मराठी घरात दुसरे नसते. एकादशीच्या दिवशी त्या ताटात काय वाढावयाचे आणि काय वर्ज्य मानावयाचे, याचे नियम घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मोठ्या कसोशीने पाळीत आल्या आहेत. तथापि त्या ताटाकडे थोड्या चिकित्सक दृष्टीने पाहिले, तर मोठी मौज दिसते. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. बटाटा तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच. रताळे अमेरिकेतील, आणि खिचडीला झणझणीतपणा आणणारी हिरवी मिरचीदेखील पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडे आलेली. वरीचे तांदूळ तेवढे या मातीतले. ज्ञानेश्वरांच्या काळातील एखाद्या वारकऱ्यापुढे हे ताट ठेवले असते, तर वरी आणि दही एवढेच त्याने ओळखले असते, आणि बाकीच्या पदार्थांना हात लावण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी केली असती. फराळानंतर जो चहा घ्यावयाचा, त्याचे तर नावही चिनी आहे.

परके अन्न आपले होते, यात मग नवल ते काय? नवल आहे ते वेगळ्याच ठिकाणी. अन्न आपले झाल्यावर ते घेऊन येणारी माणसेही आपली होतात का, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारावयाचा झाल्यास त्याला कोलकात्याइतके योग्य शहर भारतात नाही. आणि कोलकात्यातही तो विचारावा टिरेट्टा बाजारात, पहाटे.

लालबाजार या नावाने प्रसिद्ध असलेली शहर पोलिसांची मुख्य कचेरी आणि पोद्दार कोर्ट ही उंच इमारत यांच्या आसपासचा हा भाग. अठराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड टिरेट्टा नावाचा एक व्हेनिसकडील इटालियन गृहस्थ कलकत्त्यात रस्ते व इमारती यांचा अधिकारी होता. त्याच्या मालकीच्या बाजाराला त्याचे नाव पडले. लोकांनी आपल्या जिभेच्या सोयीने त्याचे ‘टेरिटी बाजार’ केले. इटालियनाच्या नावाच्या बंगाली बाजारात चिनी न्याहारी मिळावी, हे त्या शहराच्या स्वभावाला धरूनच आहे. सूर्योदयाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला टेबले मांडली जातात, पातेल्यांतून वाफ निघू लागते, आणि ऑफिसची वेळ होण्याच्या कितीतरी आधी सारे आटोपते. रविवारी गर्दी अधिक. उशिरा उठणाऱ्याला येथे काही मिळत नाही, आणि तसे पाहिले तर न्याहारीच्या बाबतीत हा नियम न्याय्यच म्हटला पाहिजे.

अशा एका रविवारी एका कचेरीतील चार मित्र तेथे जातात, अशी कल्पना करावी. यजमानपण अर्थातच बंगाली मित्राकडे. दुसरा रत्नागिरीकडचा, नुकताच बदली होऊन आलेला. तिसरा कोट्टायमचा, आणि चौथा अहमदाबादचा, जन्मापासून शाकाहारी. मोठ्या शहरांतील कचेऱ्या अशी चौकडी सहज जमवितात. आणि अनोळखी अन्नाच्या बाबतीत चार मित्रांची सोबत ही फार मोलाची गोष्ट आहे. एकटा मनुष्य अशा टेबलासमोर उभा राहतो, दोन मिनिटे पाहतो, आणि कोपऱ्यावरचा चहा-बिस्किटाचा ठेला गाठतो. चौघे असले म्हणजे पहिला घास घेण्याची जबाबदारी एकमेकांवर ढकलता येते, आणि कोणी तरी अखेर तो घेतो.

पहिला अडथळा जिभेचा नसतो, नाकाचा असतो. सोयाबीन आणि गहू महिनोन् महिने खारवून आंबविलेल्या त्या काळ्या रसाचा, दोरीला टांगलेल्या डुकराच्या मांसाच्या वाळक्या सॉसेजांचा, माशाच्या गोळ्यांच्या सुपाचा, असा एक मिश्र वास सकाळच्या हवेत दाटलेला असतो. नवख्याची पावले तेथेच जड होतात. रत्नागिरीकर मात्र या बाबतीत थोडा सुदैवी. ज्याच्या लहानपणी पावसाळ्याच्या तोंडावर घरात सुकट आणि बोंबील भरून ठेवले जात, त्याला वासाची भीती कोणी घालावी? मुरलेल्या, खारवलेल्या, वाळवलेल्या वस्तूंचा वास ज्याला घरचा असतो त्याला तो वास वाटतच नाही; तो इतरांनाच येतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तर परक्या स्वयंपाकघरांविषयीची निम्मी टीका आपोआप गळून पडेल.

मग एका भांड्यावरचे झाकण निघते. आत वाफेवर शिजलेल्या, वरच्या बाजूला एकसारख्या चुण्या घालून मिटलेल्या पांढऱ्या पुरचुंड्या ओळीने बसलेल्या. रत्नागिरीकर चकित होऊन म्हणतो, ‘‘दादा, हे आमच्या गणपतीचे पक्वान्न तुमच्या बाजारात कसे आले?’’ त्याचे चकित होणे रास्त आहे. पातळ पारी, आत सारण, बोटांच्या चिमटीने पाडलेल्या कळ्या आणि पाण्याच्या वाफेवर उकड, ही सारी रीत त्याने आईच्या हाताखाली पाहिलेली असते. सारणात गूळ-खोबऱ्याऐवजी कोळंबी किंवा डुकराचे मांस असते, हा फरक लहान नव्हे, हे खरे. परंतु हाताची लकब एकच. पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात पाहून त्याला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवतात. तीळ लावून तळलेला पोकळ गोळा पाहून अनारसा आठवतो, जरी तेथे खसखस असते आणि येथे तीळ. चिनी न्याहारीत भाताची पातळ पेजही असते. कोकणातील मनुष्याला पेजेचे कौतुक सांगावे लागत नाही. इंग्रजी भाषेने या चिनी पेजेला जो शब्द योजला आहे, तो तमिळमधील ‘कांजी’वरून घेतलेला आहे. चिनी पदार्थाला इंग्रजांनी तमिळ नाव द्यावे, आणि कोट्टायमच्या माणसाने हसून सांगावे की आमच्याकडे आजही तिला कांजीच म्हणतात, हा योग पंक्तीत सर्वांना आवडतो.

अहमदाबादच्या मित्राचे काय, हा प्रश्न मात्र विनोदाने उडवून लावण्याजोगा नाही. मित्रमंडळींत अशा वेळी एक दुष्ट सवय असते. न खाणाऱ्याची थट्टा करावयाची, ‘एकदा खाऊन तर पाहा’ असा आग्रह धरावयाचा, आणि त्यालाच आधुनिकता समजावयाचे. नवे अन्न चाखण्याचे धाडस हा गुण असेल. दुसऱ्याच्या व्रतावर ते धाडस करणे हा गुण नव्हे. शिवाय ते अज्ञानही आहे. चीनमध्ये बौद्ध मठांची शाकाहारी पाककला शेकडो वर्षांची आहे. सोयाबीनचे दूध काढून, ते साकळवून आणि दाबून जो पनीरासारखा पदार्थ करतात, त्याचे नाना प्रकार या पाककलेने सिद्ध केले. चांगला यजमान हे जाणून असतो. तो विक्रेत्या बाईंना बंगालीत विचारतो, त्या बंगालीतच उत्तर देतात, भाजीचे सारण असलेले पाव वेगळ्या भांड्यातून निघतात. भांडे वेगळे आहे ना, हे अहमदाबादकर दोनदा विचारून घेतो, आणि बाई दोन्ही वेळा न रागावता सांगतात.

भांडे वेगळे असणे, हात वेगळा असणे, पंक्ती वेगळी असणे. आपल्याकडील अन्नविचाराचा गाभा फार काळ येथेच होता. कोणता पदार्थ खाल्ला यापेक्षा कोणाच्या हातचा आणि कोणाबरोबर, याची चौकशी अधिक कडक. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळी एका समारंभासाठी गेली होती. तेथे त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला, आणि पुढे गावभर केवढे वादळ उठले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बहिष्कार झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा हे पेय त्या वेळी पुण्यात अगदीच अपरिचित होते असे नाही. तो कोणी दिला, हा खरा आक्षेप होता. आज त्या प्रकरणाचे हसू येते. परंतु पेल्यातील पदार्थ स्वीकारावयाचा आणि तो देणारा हात नाकारावयाचा, ही रीत प्रायश्चित्तांबरोबर संपली असे समजण्याचे कारण नाही.

टिरेट्टा बाजारात जे रस्त्याच्या कडेला चालते, त्याचे मोठे रूप टांगऱ्यात पाहावयास मिळते. शहराच्या पूर्वेकडील हा भाग हक्का चिनी लोकांनी वसविला. तेथे त्यांच्या कातडी कमावण्याच्या टॅनऱ्या होत्या. रात्रीच्या जेवणाला चौघे मित्र तेथे गेले, की अडचण उभी राहते ती निराळ्याच प्रकारची. पदार्थ मेजाच्या मध्यभागी येतात आणि ज्याने त्याने आपल्या काड्यांनी त्यांतून उचलावयाचे असते. काड्या धरणे अवघड नाही. एक अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर, दुसरी तर्जनी आणि मधल्या बोटाने हलती. दहा मिनिटांत जमते, निदान घसरणाऱ्या शेवया उचलण्यापुरते. शिवाय वाटी तोंडाशी नेऊन भुरके मारण्यास तेथे कोणी नावे ठेवीत नाही, आणि कढीचे भुरके मारीत वाढलेल्या माणसाला एवढा दिलासा पुरतो. अवघड आहे ते उष्ट्याचे. जी काडी तोंडात गेली, तीच पुन्हा सर्वांच्या ताटात! मराठी मनुष्याचा हात तेथे नकळत थबकतो. त्याच्या संस्कारात पान ज्याचे त्याचे, वाढणारा निराळा आणि उजव्या हाताचे खरकटे डाव्या हाताला लागू द्यावयाचे नाही. आणि चिनी घरात तर वडील मनुष्य आपल्याच काड्यांनी उत्तम तुकडा उचलून पाहुण्याच्या वाटीत ठेवतो. तो सन्मान असतो. तो तुकडा बाजूला सारणे म्हणजे आपल्याकडे आजीने हाताने भरविलेला घास थुंकून टाकण्यासारखे. येथे उपदेशाने काही साधत नाही. कोणी वाढण्यासाठी निराळा चमचा मागून घेतो, आणि तसा चमचा बहुधा मागण्याआधीच येतो. कोणी डोळे मिटून खातो. कोणाला चौथ्या खेपेला आठवतही नाही. मैत्री जितकी जुनी, तितका हा अडथळा लवकर ओलांडला जातो, एवढे मात्र खरे. जन्मभर ज्याच्या डब्यातील लोणचे खाल्ले, त्याच्या काडीचे सोवळे कोठवर पाळावयाचे?

या लोकांचे पूर्वज येथे आले कसे? कोलकात्याच्या दक्षिणेस, बजबजजवळ हुगळीच्या काठी अछीपूर नावाचे गाव आहे. टाँग अछू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तेथे जमीन मिळाली. त्याने उसाची लागवड केली आणि साखरेचा कारखाना घातला. त्याच्या नावावरून ते अछीपूर. नदीकाठी त्याचे तांबड्या रंगाचे, घोड्याच्या नालाच्या आकाराचे थडगे आहे, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबे तेथे जाऊन पूर्वजाचे स्मरण करतात. त्याच्यानंतर अनेक आले. कँटनकडील सुतार आले, हक्का चांभार आणि कातडी कमावणारे आले, हुपे प्रांतातील दंतवैद्य आले. बेंटिंक स्ट्रीटवरील चिनी दुकानांतून जोडे घेणे ही कलकत्त्यात एके काळी चोखंदळपणाची खूण होती. टांगऱ्यातील लोकांनी एक कालीमंदिरही उभारले. तेथे देवीला नैवेद्य म्हणून शेवया आणि भाजी दाखवितात आणि तोच प्रसाद वाटतात. मुंबईतही माझगावात अशाच स्थलांतरितांचे लहानसे चिनी मंदिर अद्याप आहे.

आणि मग १९६२ साल आले. २० ऑक्टोबरला सीमेवर युद्ध पेटले. महिन्याभरात ते थांबलेही. परंतु त्या महिन्यात आणि पुढे जे घडले, ते टिरेट्टा बाजारात न्याहारी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे. परकीय नागरिकांविषयीचा कायदा असा वाढविण्यात आला की, ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही केव्हाही शत्रुराष्ट्राचे प्रजाजन होते, असा भारतीय वंशाचा नसलेला मनुष्य त्याच्या कक्षेत यावा. कायद्याची भाषा ज्यांच्या रोजच्या परिचयाची आहे, त्यांना अशा एका उपवाक्याचे वजन सांगावयास नको. आजोबा कँटनचे, नातू आसामात जन्मलेला, शाळेत असमिया वा बंगाली शिकलेला. त्या उपवाक्याने तो परका ठरला. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग येथून आणि काही प्रमाणात कलकत्त्यातूनही सुमारे ३,००० माणसे, त्यांत म्हातारेकोतारे आणि तान्ही मुले, आगगाडीने राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आली. १९६३ साली चीनने पाठविलेल्या जहाजांतून त्यांतील पुष्कळ लोक चीनला गेले. त्यांतील अनेकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. काही कुटुंबे १९६७ पर्यंत देवळीतच होती. छावणीबाहेर राहिलेल्यांना पोलिसांत वर्दी द्यावी लागे आणि गावाबाहेर जावयाचे तर परवाना लागे. युद्धकाळात राज्ययंत्रणेला कठोर व्हावे लागते, असा युक्तिवाद करणारे पुष्कळ भेटतील. परंतु चहाच्या मळ्यावरील सुताराची तीन महिन्यांची मुलगी राष्ट्राच्या सुरक्षिततेला कोणता धोका पोहोचविणार होती, याचे उत्तर त्या युक्तिवादात सापडत नाही. जॉय मा यांचा जन्मच देवळीच्या छावणीतला. त्यांनी आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी मिळून लिहिलेले या विषयावरील पुस्तक २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

विलक्षण गोष्ट अशी की, चिनी माणसाला हा देश परका मानीत होता त्याच्या पुढच्याच काही दशकांत चिनी खाणे या देशात घरोघर गेले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले, आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कोणा ग्राहकाने काही नवे मागितले म्हणून त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची हा आपल्याकडील फोडणीचा सरंजाम घेतला. पुढे गरम मसाला घालावयाचा त्या जागी सोयाचा रस घातला, मक्याच्या पिठाने दाटपणा आणला आणि त्याला मांचुरियन हे नाव दिले. कृतीची ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. मांचुरियात तो पदार्थ कोणी ओळखणार नाही. नागपूरपासून कोल्हापुरापर्यंत तो फुलकोबीचा करून हातगाडीवर विकला जातो. ‘शेजवान’ चटणीचे तसेच. नाव सेचुआन प्रांताचे, पण जिभेला मुंग्या आणणारे तेथील जे खास मिरे, ते या चटणीत बहुधा नसते. त्याचे सख्खे भावंड मात्र कोकणात आहे. बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ ठेचून घालतात, ते त्याच वनस्पतिकुळातील, त्याच गणातील. म्हणजे सेचुआनची खरी चव हवी असल्यास हातगाडीपेक्षा रत्नागिरीचे स्वयंपाकघर तिला अधिक जवळचे आहे. आपल्या मित्रमंडळीतील रत्नागिरीकराला हे कळल्यावर त्याने टिरेट्टा बाजारातील बाईंना पुढच्या खेपेस घरून तिरफळे आणून दिली तर आश्चर्य नाही.

पण बाई असतील तोवर. कोलकात्यातील चिनी वस्ती एके काळी २०,०००च्या घरात होती असे सांगतात. आता ती थोड्या हजारांवर आली आहे. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्या पुढे बानतल्याला गेल्या, आणि टांगऱ्यातील कित्येक कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे उभी राहिली. कातडे गेले, कढई राहिली. टिरेट्टा बाजारातील पहाटेच्या टेबलांमागेही आता चिनी चेहरे मोजकेच दिसतात. पुष्कळ जागी बिहारी आणि बंगाली विक्रेते मोमो विकतात, आणि चांगले विकतात. तरुण मंडळी कॅनडास गेली. टोरोंटो आणि त्याच्या उपनगरांतून ‘हक्का’ अशी पाटी लावलेली त्यांची खाणावळ जागोजाग आढळते. तेथे चिली चिकन आणि मांचुरियन मिळते. चीनहून नव्याने आलेले लोक ते पाहून गोंधळतात, आणि बाहेर रांग लागते ती पंजाबी, गुजराती, तमिळ आणि मराठी माणसांची. घरच्या आठवणीने आलेले हे ग्राहक गल्ल्यावरील म्हाताऱ्या मालकाशी इंग्रजीत बोलू लागतात, आणि तो त्यांना बंगाली वळणाच्या हिंदीत विचारतो, तिखट किती घालू?